शुक्रवारची सावड

अण्णांच्या टेबलाला ड्रॉवर नव्हता. म्हणजे होता, पण कंपनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो ओढून काढला, गॅलरीत नेला, त्यात माती भरली आणि कोथिंबीर पेरली. "कुलपात ठेवण्याजोगं आपल्याकडं हाय काय?" असं ते सगळ्यांना विचारायचे. माझ्या ड्रॉवरला कुलूप होतं आणि आत आईनं उंब्रजहून पाठवलेले लाडू होते. मी म्हणाले, "माझ्याकडं हाय की, लाडू." तर लगेच, "कशाचं गं?" शेंगदाण्याचे होते. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. तसंही सगळे अण्णाच म्हणायचे, अगदी आमचे मालकसुद्धा. सांगलीजवळच्या एका खेड्यातलं जैन शेतकरी घर, दहा-बारा एकर हळद आणि ऊस. अण्णा आधी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसायचे. काट्यावर कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले आणि अण्णांनी पुस्तक आणून तो शिकून घेतला. असं शिकत शिकत पन्नाशी ओलांडल्यावर ते आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांत वरचे प्रोग्रामर होऊन बसले होते. डिग्री विचारली की म्हणायचे, "बारावी. त्यात इंग्रजी राह्यलं हुतं, मागनं काढलं."

कंपनी म्हणजे खाली औषधाचं दुकान आणि वर आम्ही अकरा जण. तासगाव, मिरजेकडच्या कोल्ड स्टोरेजना सॉफ्टवेअर करून द्यायचं. शेतकऱ्यानं बेदाणा आणला की वजन, पेट्या, पावती, सगळं आमच्या प्रोग्राममधून जायचं. मी कॉलेज संपवून थेट तिथं लागले. पुण्याला मुलाखती दिल्या होत्या, पण पुण्यानं मला घेतलं नाही. घरी हा विषय निघाला की वडील एवढंच म्हणायचे, "सांगली काय वाईट हाय?" आणि त्यांच्या आवाजावरून मला कळायचं की वाईट आहे.

पहिल्या दिवशी अण्णांनी मला काम दिलं नाही. स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम समोर उघडून ठेवला आणि म्हणाले, "ह्यात एक चूक हाय. गावल्याबिगर चहा न्हाई." मी दोन दिवस डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन चुका काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचलं. मग सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडले, "आरं, ह्या पोरीनं माझ्या तीन काढल्या! दोन तर मलाबी ठावं नव्हत्या!" एवढा आनंद लोक स्वतःचं लग्न ठरल्यावर करत नाहीत. मला त्या दिवशी दोन वेळा चहा मिळाला.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम होता. त्यामुळे साडेपाचला ते उठायचे आणि उठताना आमचेही स्क्रीन बघत जायचे. चारनंतर गिऱ्हाइकाला नवीन काहीही पाठवायचं नाही, हा त्यांचा कायदा. "सांजचं पाठवलं की रातीत बोंब हुती," म्हणायचे. दुसरा कायदा म्हणजे 'माझा कोड' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जो काढेल त्यानं सगळ्यांसाठी भडंग आणायचं. मला बोलायची हौस मोठी, त्यामुळे पहिल्या महिन्यात ऑफिसनं बहुतेक माझंच भडंग खाल्लं.

आणि तिसरा कायदा म्हणजे सावड. आमच्याकडं खेड्यात हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. हळद काढायची असो नाहीतर ऊस लावायचा असो, आज चार घरं मिळून तुझ्या रानात, उद्या तीच चार घरं माझ्या रानात. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही. अण्णांनी ती पद्धत उचलून ऑफिसात आणली. शुक्रवारी दुपारी आपलं काम ठेवून दुसऱ्याच्या मशीनवर जाऊन बसायचं, त्याचं अडलेलं सोडवायचं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं, आणि तपासणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्याच्या नावाखाली घालायचं. महिन्यातला पहिला शुक्रवार मात्र बाहेरच्यांचा.

बाहेरचे म्हणजे कोण, ते सांगायला पाहिजे. आमच्या प्रोग्राममधलं अर्धंअधिक आम्ही लिहिलेलंच नव्हतं. जगभरातल्या कुणी कुणी लिहून सगळ्यांना वापरायला मोकळं सोडलेलं, त्यालाच ओपन सोर्स म्हणतात. सगळ्या कंपन्या ते घेतात, आणि घेतलंय हे विसरून जातात. अण्णा विसरत नव्हते. त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. त्यावर आम्ही वापरत असलेल्या प्रत्येक फुकट गोष्टीचं नाव, आणि पुढं ती ज्यानं केली त्या माणसाचं नाव आणि गाव. गाव सापडलं नाही तर अण्णांना चैन पडायचं नाही. "आपण ज्याचं खातो त्यो ऱ्हातो कुठं, एवढं तरी नको कळायला?"

वजनकाट्यावरचा आकडा कॉम्प्युटरमध्ये वाचून घेणारी जी गोष्ट आम्ही वापरायचो, ती लांबच्या एका थंड देशातला एक म्हातारा माणूस एकटा सांभाळत होता. अण्णांनी त्याला आभाराचं पत्र लिहिलं आणि सोबत दोन किलो बेदाणा पार्सल केला. तीन महिन्यांनी पार्सल परत आलं, वर चार-पाच शिक्के. तिकडच्या कस्टमनं सोडलं नव्हतं. अण्णांनी फोडून दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "बरा हाय की अजून." मग त्याचा फोटो काढून त्या म्हाताऱ्याला पाठवला आणि खाली लिहिलं की तुमच्या वाटचं आम्ही खाल्लं.

मालकांना हे सगळं परवडत नव्हतं, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. चाळिशीचे गृहस्थ, पुण्यात दहा वर्षं नोकरी करून परत आलेले. वाईट माणूस नव्हता, पण एकदा कऱ्हाडच्या एका कंपनीनं त्यांचं गिऱ्हाईक पळवलं होतं आणि तेव्हापासून त्यांना सगळीकडं कऱ्हाड दिसायचं. "अण्णा, आपण काय अन्नछत्र काढलंय का? आपण दुरुस्त करायचं, आणि कऱ्हाडवाल्यांनी आयतं उचलायचं?"

"आवं साहेब, त्या म्हाताऱ्याचं आपण उचललं तवा न्हाई म्हनला तुमी."

असं ते दर महिन्याला चालायचं, आणि दर महिन्याला पहिला शुक्रवार तसाच व्हायचा.

माझी नोकरी कच्ची होती. सहा महिने बघू, मग कायम करू, असं पत्र होतं. पाचव्या महिन्यात मला एक मोठी भानगड सापडली. तासगावला वीज क्षणभर गेली-आली की काटा आकडा अर्धवट पाठवायचा, शेवटचा अंक गाळून. पंधराशे चाळीसचे एकशे चोपन्न. शेतकरी पावती हातात घेऊन भांडायला उभा. इतकी वर्षं आमचे लोक आपल्या प्रतीत ठिगळं लावून चालवत होते. मी ते मुळातून दुरुस्त केलं. अण्णा म्हणाले, "ही दुरुस्ती आपल्यापाशी ठेवायची न्हाई. त्या म्हाताऱ्याला पाठवायची, त्याच्याकडनं सगळ्यांस्नी मिळंल. आणि खरी वजनं घालून तपास बरं का. खोट्या वजनावर काटा कळत न्हाई."

मी खरी वजनं घातली. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधली एका आठवड्याची यादी उचलली आणि तपासणीची फाइल म्हणून सोबत जोडली. शुक्रवारी दुपारी अण्णा माझ्या शेजारी तपासायला बसले. ओळ न् ओळ वाचली. यादी आली तसे खुलले. "ह्यो कवठेएकंदचा. ह्याच्या थोरल्या भावाचं लगीन मीच जमवलंय. ह्यो सावळजचा, आमच्या मावशीचा जावई, लय चिक्कू." आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. एकेचाळीस नावं होती, आणि नावांपुढं गाव, आणि गावापुढं मोबाइल नंबर. अण्णांनी खाली आपलं नाव घातलं आणि मी ते जगात पाठवून दिलं.

आता तुम्हाला वाटेल, दोन शहाणी माणसं, डोळे फुटले होते काय? तर सांगते. फुटले नव्हते. ती नावं आमच्या घरातली होती. लग्नपत्रिकेत असावीत तशी. ती तिथं आहेत याचं नवल आम्हाला वाटलंच नाही. नवल वाटलं ते त्या म्हाताऱ्याला, ज्याला एकही नाव उच्चारता येत नव्हतं. सोमवारी सकाळी त्याचं पत्र आलेलं होतं. ही खरी माणसं आहेत का, असतील तर मी फाइल काढून टाकली आहे, तुम्ही तिकडं बघा. फार सभ्य पत्र होतं. पण तीन दिवस ते सगळं उघड्यावर होतं आणि तेवढ्यात कुणी उतरवून घेतलं असेल तर ते कळायला मार्ग नव्हता. 

मालकांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. तोंड लाल. "मी तासगावच्या कोल्ड स्टोरेजच्या शेठना सांगणार आहे. लपवून उपयोग नाही, उद्या बाहेरून कळलं तर करार जाईल. पण सांगताना मला असंही सांगायचंय की ज्यानं केलं त्याला काढलं. अण्णा, नाव द्या."

"माझं घ्या. तपासलं मी."

"तपासणाऱ्याचं नको. लिहिणाऱ्याचं."

"ते न्हाई मिळायचं."

"मग बुधवारपर्यंत विचार करा. नाव नाही मिळालं तर शुक्रवार बंद, आणि तुम्हीही घरची हळद बघा."

मी अण्णांपासून दोन हातांवर उभी होते. बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. वडिलांचं ते 'सांगली काय वाईट हाय' कानात वाजत होतं, आणि सांगलीतूनही हाकलली असं घरी कसं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. मी भित्री निघाले, दुसरं काय.

मालकांनी सोमवारी आणि मंगळवारी एकेकाला केबिनमध्ये घेतलं. माझ्या शेजारची मिरजेची मुलगी जाऊन आली. माझ्याशी ज्याचं अजिबात पटत नव्हतं, ज्याला मी दोनदा भडंग आणायला लावलं होतं, तोही जाऊन आला. मला वाटलं, झालं, आता बोलावणं येणार. आलं नाही. अण्णांनी तर त्या दोन दिवसांत विषयही काढला नाही. कोथिंबिरीला पाणी घातलं, साडेपाचला गेले. त्यांनी एकदा जरी माझ्याकडं रागानं बघितलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी मी स्वतः गेले. "साहेब, मी केलं."

मालक म्हणाले, "माहितीय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. फाइल काढली तरी दुरुस्तीच्या नोंदीवर तुझं नाव आहे, सगळ्या जगाला दिसतंय. मी सोमवारीच बघितलं." मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "मला बघायचं होतं, कोण सांगतंय. नऊ माणसं घेतली आत. एकाला तर पगारवाढीचं आमिष दाखवलं. कुणी तोंड उघडलं नाही. अगं, या गावात कुणाची म्हैस व्यायली तरी संध्याकाळपर्यंत चौकात कळतं! माझ्या सख्ख्या भावानं पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं."

 नंतर त्यांनी निकाल दिला. तासगावच्या शेठना त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं, आणि शेठनी एक महिना दिला होता. एकेचाळीस घरांना जाऊन सांगायचं. महिनाभरात एकाही शेतकऱ्याची तक्रार शेठकडं गेली तर करार जाईल, शुक्रवार जाईल, आणि आम्ही दोघंही जाऊ. "अण्णांना घेऊन जा. घरं त्यांना ठाऊक आहेत."

आम्ही चार दिवस एसटीनं फिरलो. अण्णा प्रत्येक दारात नमस्कार करायचे, पाणी मागायचे आणि मला म्हणायचे, "सांग." स्वतः बाजूला उभे. मी सांगायचे की तुमचं नाव, गाव आणि नंबर आमच्या चुकीनं तीन दिवस इंटरनेटवर होता. बहुतेक लोक हसायचे. एक म्हणाला, "आवं, माझा नंबर द्राक्षाच्या औषधवाल्या समद्या पोरांकडं हाय, त्यात तुमचं काय इशेष?" मावशीच्या त्या चिक्कू जावयानं चहा पाजला, अण्णांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. चौथ्या दिवसापर्यंत माझी भीड चेपली होती. जरा जास्तच चेपली होती.

शेवटून दुसरं घर मणेराजुरीच्या बाजूला होतं. शेडमध्ये एक बाई बेदाणा निवडत बसल्या होत्या, चाळिशीच्या. मी पाठ झालेलं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. हात थांबले.

"एक माणूस मला दोन वर्सं फोन करून छळत हुता," त्या म्हणाल्या. "पोलिसांत गेले. दोनदा नंबर बदलला. ह्यो नंबर माझ्या भावाला ठावं, लेकीच्या शाळंत ठावं, आणि कोल्ड स्टोरेजला दिला. बास. आन तुमी जगाला वाटला व्हय?"

"काढलाय आता," मी म्हणाले. "पुसलाय."

"पुसला म्हंजे गेला?"

 मी अण्णांकडं बघितलं. प्रत्येक गोष्टीला ज्यांच्याकडं एक बोल तयार असायचा, ते अण्णा तिथल्या रिकाम्या पेटीवर खाली बसले. "न्हाई ताई," म्हणाले. "गेला का ऱ्हायला, आमाला म्हाईत न्हाई." मी माझा नंबर कागदावर लिहिला, काही झालं तर मला फोन करा म्हणाले. त्यांनी कागद न वाचता बाजूला ठेवला आणि पुन्हा बेदाणा निवडायला घेतला. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. शेवटच्या घरी मला धड बोलताही आलं नाही, अण्णांनीच सांगितलं.

त्या बाईंनी शेठना एक फोन केला असता तर सगळं संपलं असतं, आणि त्यांचं चुकलं असतं असं कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना फोन लावला. "कुणाचा फोन आला होता का?" त्या "न्हाई" म्हणाल्या आणि ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी खोटं कशाला बोलू, पहिले चार-पाच दिवस मी नोकरीच्या भीतीनंच फोन केले. नंतर सवय लागली. नंतर असं झालं की सहा वाजले की हात आपोआप फोनकडं जायचा, आणि त्यांचं "न्हाई" ऐकलं की मगच जेवण जायचं. ऑफिसात हे कुणाला सांगितलं नाही. अण्णांना तर नाहीच. रोज फोन करते म्हणून सांगायला गेले असते तर पुण्य मिरवल्यासारखं झालं असतं, आणि मुळात मला लाज वाटत होती.

महिना संपला. तक्रार एकही गेली नाही. मालकांनी मला कायमचं पत्र दिलं. पहिल्या शुक्रवारी ती दुरुस्ती पुन्हा पाठवली, या वेळी बनावट नावं घालून, आणि म्हाताऱ्यानं ती घेतली. कऱ्हाडवाल्यांनीही ती उचलली असं मालकांना कळलं; त्यांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं आणि विसरले. ऑफिसनं बेदाणा वाटला. मी त्या संध्याकाळीही फोन केला. आता काही गरज नव्हती, पण केला.

त्या दिवशी बाई पहिल्यांदा चार वाक्यं बोलल्या. "न्हाई आला गं बाई कुणाचा फोन. येईल असं वाटतबी न्हाई आता. पण तुमचं दोघांचं काय करायचं? सकाळी साडेसातला तुमचं अण्णा इचारत्यात, सांजच्याला सहाला तू इचारतीस. आधी एक जण छळत हुता, आता दोघं छळायला लागलाय!" आणि त्या हसल्या. फोनवर मोठ्यानं हसल्या. मी मात्र रडले, आणि ते त्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मणेराजुरीच्या ताईंचा निरोप आहे. आता फोन बास म्हणाल्या. दोघांचेही."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. कान लाल झाले होते.

"तू बी करत हुतीस?"

"रोज."

"मग सांगायचं न्हाई व्हय गं?" ते खरोखरच चिडले होते. "पाळीनं केलं असतं की!"